कॅश है तो ऐश है?

घरचा जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की कुणीतरी एक्स्पर्ट सल्ला देतोच, 'अरे, कॅश क्लिअर कर!' पण नेमकं काय पुसायचं आणि कशाला चुकूनही हात लावायचा नाही, हे माहितीये का?

ऑफिसात तुमच्या टेबलावर चकाचक लॅपटॉप असतो. कंपनीने दिलेला, बिघडला तर आयटीवाला येऊन बदलून देणारा. घरी मात्र हॉलच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली एक वेगळाच प्राणी नांदत असतो. तुम्ही इंजिनीअरिंगला किंवा एमबीएला असताना घेतलेला, त्या काळी जाम भारी वाटणारा आणि आता आईबाबांच्या ताब्यात गेलेला. लाइट बिल त्यावर भरलं जातं, कोकणकन्येचं तिकीट त्यावर काढलं जातं, एफडीची चौकशी त्यावर होते आणि सिंगापूरच्या नातवाचे फोटोही त्यावरच पाहिले जातात. रविवारी तुम्ही घरी टेकलात की चहा यायच्या आधी डायलॉग येतो, "जरा बघ ना रे, हे फारच स्लो झालंय."

मग तुम्ही बाह्या सरसावता. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. समोर चौकट येते, त्यात दिसेल त्या सगळ्या खुणा करता आणि दणक्यात बटण दाबता. काम फत्ते! सोमवारी दुपारी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन येतो. बँकेत जाता येत नाही, मेल उघडत नाही, सगळीकडे पासवर्ड मागतंय. आणि तो पासवर्ड जगात फक्त त्या कॉम्प्युटरलाच ठाऊक होता.

हा सीन अनेक घरांत होऊन गेलाय. म्हणून आज जरा या कॅशच्या खोलात शिरूया.

लपवून ठेवलेला माल

पहिली गंमत उच्चाराची. बरेच जण 'कॅशे' म्हणतात, पण खरा उच्चार आपल्या नोटांच्या कॅशसारखाच, कॅश. शब्द आला फ्रेंचमधून, लपवणं या अर्थाच्या क्रियापदावरून. कॉम्प्युटरच्या दुनियेत तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस रुळला. आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतल्या मॉडेल ८५ या महाकाय मशीनमध्ये मुख्य मेमरीच्या पुढे एक छोटी, वेगवान मेमरी बसवली होती, तिला हे नाव मिळालं. आयडिया अगदी आपल्या स्वयंपाकघरातली. तांदळाचं पोतं माळ्यावर असतं, पण रोज लागणारे तांदूळ ओट्याखालच्या डब्यात. दर वेळी शिडी कोण लावणार?

ब्राउझर हेच करतो. तुम्ही एखादी साइट पहिल्यांदा उघडता तेव्हा तिचा लोगो, फॉन्ट, रंगसंगतीची फाइल, बटणं चालवणारा प्रोग्रॅम असं बरंच सामान उतरवून घेतलं जातं. ब्राउझर त्याची एक प्रत डिस्कवर ठेवतो. दुसऱ्यांदा तीच साइट उघडलीत की घरातला डबा उघडायचा, दुकानात जायचं नाही. किती दिवस ठेवायचं हे साइटच सांगते. वर्षभर चालेल असा माल असेल तर सोबत ३,१५,३६,००० असा आकडा येतो. ते एका वर्षाचे सेकंद! मुदत संपली की ब्राउझर सर्व्हरला विचारतो, 'माझ्याकडे जुनं आहे, बदललंय का?' उत्तर ३०४ आलं की समजायचं, काही बदललं नाही, तेच वापर.

डायलअपचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे ५६ केबीपीएसचा मोडेम आला तेव्हा तो चैनीत मोडायचा. त्या वेगाने १०० केबीचं एक चित्र उतरायला साधारण १४ सेकंद लागतात, तेही लाइन स्वच्छ असेल आणि मधेच कुणी फोन उचलला नाही तर. तेव्हा मिनिटाचे पैसे मोजावे लागत. डिस्कवरची कॅश म्हणजे खरोखरच कॅश होती!

शिळ्या कढीला ऊत

मग इतकी गुणाची वस्तू पुसायची कशाला?

कारण कधीकधी घरातला माल शिळा निघतो. समजा, बँकेने रात्रीतून साइट बदलली. पान नवं आलं, पण बटणं चालवणारी फाइल तुमच्या डिस्कवरची, गेल्या महिन्यातली. नवरा नवा, वऱ्हाड जुनं! मग कॅप्चाची चौकटच दिसत नाही, 'सबमिट' दाबलं तरी ढिम्म, नाहीतर पानातली अक्षरं एकमेकांवर चढलेली. चांगल्या साइट्स फाइल बदलली की तिचं नावही बदलतात, त्यामुळे ब्राउझर आपोआप नवी आणतो. सगळ्याच साइट्स इतक्या शहाण्या नसतात. म्हणूनच कुठल्याही हेल्पलाइनला फोन लावा, पलीकडची व्यक्ती पहिलं वाक्य तेच म्हणते. ही टाळाटाळ वाटते खरी, पण अशा केसमध्ये सल्ला बरोबर असतो.

दुसरं कारण जागा. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की विंडोजचा जीव घुसमटतो. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरचीच थोडी जागा रॅमसारखी वापरतं. ती जागाही शिल्लक नसेल तर माउसचा बाण हलायलाही मुहूर्त लागतो. पण इथे थोडं खरं बोलूया. ब्राउझर आपल्या कॅशला मर्यादा घालून घेतो. पुसून सहसा मिळतात काही शे एमबी, फार तर जीबीच्या आसपास. म्हणजे गणपतीत काढलेल्या दोन-तीन व्हिडिओंइतकी जागा. शिवाय पुसल्यावर पहिले काही दिवस सगळ्या साइट्स आधीपेक्षा हळू उघडतात, कारण डबे रिकामे झालेले असतात आणि सगळं सामान पुन्हा भरायचं असतं. तेव्हा 'दर रविवारी कॅश पुसली की मशीन फास्ट' हा फंडा बाद. साइट गंडली असेल किंवा डिस्क गळ्याशी आली असेल तेव्हाच हात घालावा.

जुन्या मशीनची खरी दुखरी नस वेगळीच आहे. त्यातली हार्ड डिस्क फिरते. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. त्यात काटा इकडून तिकडे हलवायचा वेळ मिळवा. एका सेकंदात विखुरलेल्या अशा शंभर फाइल्ससुद्धा धड वाचून होत नाहीत. आणि कॅश म्हणजे हजारो चिमुकल्या फाइल्स! डिस्क आधीच अँटिव्हायरसच्या तपासणीत अडकलेली असेल तर ओट्याखालचा डबा काढण्यापेक्षा दुकानातून आणणं लवकर होतं. हा विनोद नाही. फायरफॉक्सने २०१८ मध्ये आपल्या ५९ व्या आवृत्तीत चक्क शर्यत लावली. डिस्ककडेही मागायचं, इंटरनेटकडेही मागायचं, जो आधी देईल त्याचं घ्यायचं.

हात कुठे घालायचा

आता कृती. पण पुसायच्या आधी एक चाचणी करा. साइट गंडली असेल तर आधी त्या पानावर कंट्रोल धरून एफ-५ दाबा. पान डिस्कवरचं जुनं सामान बाजूला ठेवून सगळं नव्याने आणतं. बरेचदा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर तीच साइट इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे व्यवस्थित चालली तर दोष जुन्या फाइल्सचा, कुकीचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा आहे हे नक्की. तिथेही रडली तर तुमचा काही दोष नाही, साइटच आजारी आहे. चहा घ्या.

पुसायचंच ठरलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींत चालतात. वर काळ विचारला जातो. एक तास, एक दिवस, एक आठवडा, चार आठवडे, सगळा काळ. कॅशसाठी सगळा काळ निवडायला हरकत नाही. मग खालच्या यादीत फक्त एकाच ओळीसमोर खूण ठेवायची, 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स'. फायरफॉक्समध्ये तिथे 'टेम्पररी कॅश्ड फाइल्स अँड पेजेस' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं दिसेल. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे मागेपुढे होतात, पण 'कॅश' हा शब्द सुटत नाही. बाकी सगळ्या खुणा स्वतःच्या हाताने काढा. 'आधीच काढलेल्या असतील' असं धरून चालू नका. ब्राउझर मागच्या वेळच्या खुणा लक्षात ठेवतो, आणि मागच्या वेळी त्या खुर्चीत कोण बसलं होतं कुणास ठाऊक.

जुनी फिरती डिस्क असेल तर हे पुसणं दोन-चार मिनिटं चालू शकतं. खिडकी गोठल्यासारखी दिसते. कृपा करून प्लग खेचू नका.

ज्यांच्या आठवणीत इंटरनेट एक्स्प्लोरर आहे त्यांना 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स' नावाचा फोल्डर आठवेल. आणि त्यातली ती इंडेक्स डॉट डॅट नावाची फाइल, जी डिलीट करायला गेलं की विंडोज ठाम नकार द्यायचं. तिच्याबद्दल सायबर कॅफेत काय काय दंतकथा चालायच्या! प्रत्यक्षात ती केवळ कॅशची खतावणी होती आणि विंडोज चालू असताना वापरात असल्यामुळे कुलूपबंद असायची. २००६ च्या आयई-७ मध्ये सगळं एकाच खिडकीतून पुसायची सोय आली. मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररला १५ जून २०२२ ला निवृत्त केलं.

ती एक चुकीची खूण

आता मुद्द्याचं. त्या यादीत कॅशच्या शेजारी बसलेली मंडळी दिसायला सारखी, पण स्वभावाने एकदम वेगळी आहेत.

हिस्टरी म्हणजे तुम्ही कुठे कुठे फिरलात त्याची वही. गेली तरी फार बिघडत नाही. अर्थात, बाबांना साइटचा पत्ता पाठ नसतो. ते 'आय' टाइप करतात आणि रेल्वेची साइट खाली आपोआप येते, त्यावर क्लिक करतात. हिस्टरी पुसली की ती येणं बंद, आणि मग गूगलमध्ये शोधून जी पहिली जाहिरात दिसेल तिच्यावर क्लिक. खोट्या साइट्स नेमक्या तिथेच टपून बसलेल्या असतात. तेव्हा हिस्टरी पुसायचीच असेल तर आधी रेल्वे, बँक आणि वीज बिलाच्या साइट्स बुकमार्कमध्ये टाका आणि ती पट्टी वर कायम दिसेल अशी ठेवा.

कुकीज म्हणजे हातावरचा शिक्का. नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मोंटुली याने १९९४ मध्ये वेबवर ही कल्पना आणली. साइट तुम्हाला ओळखते ती या शिक्क्यावरून. तो पुसला की जवळपास सगळीकडून लॉगआउट. व्हॉट्सअॅप वेबचा कोड पुन्हा स्कॅन करा, मेलमध्ये पुन्हा शिरा. तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम. पण आईच्या मेलला जोडलेला मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वी बंद झालेला असेल आणि ओटीपी त्याच नंबरवर जाणार असेल तर? मग त्या मेलमध्ये परत शिरणं म्हणजे महिनाभराचं महाभारत. शिवाय कुकीजबरोबर 'साइट डेटा' नावाची पोटलीही जाते. नेट नसताना ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये केलेले आणि अजून वर न चढलेले बदल याच पोटलीत असतात. सोसायटीचा जमाखर्च ऑफलाइन टाइप करत बसलेल्या काकांना ही बातमी तुम्ही देणार का?

आणि सगळ्यात घातक खूण सेव्ह केलेल्या पासवर्डची. लोकांना वाटतं आपण या एका डब्यातून पुसतोय. क्रोममध्ये गूगल अकाउंटने साइन-इन करून पासवर्ड तिथे साठवलेले असतील तर ते अकाउंटमधूनच जातात. म्हणजे डेस्कटॉपवर खूण केली की बाबांच्या फोनमधले पासवर्डही गायब. हिस्टरीचंही तसंच, सिंक चालू असेल तर सगळ्या मशीनवरची जाते. कॅश मात्र त्या त्या मशीनपुरती असते. म्हणून ती बेधडक पुसता येते, बाकीच्यांना विचारूनच हात लावायचा.

पुसायच्या आधी दहा मिनिटं काढून एक काम कराच. ब्राउझरच्या पासवर्डच्या यादीत जा, बँक, मेल, आयकर अशी महत्त्वाची चार-पाच नावं उघडा आणि ती आईच्या हाताने एका वहीत लिहून घ्या. बँकवाले नाकं मुरडतील. पण जिच्या घरी मुलगा महिन्यातून एकदा येतो तिच्यासाठी कपाटातली कुलूपबंद वही हा बरा मार्ग आहे. त्याच बैठकीत रिकव्हरीचा मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही पाहून घ्या.

फुकटचे सफाई कामगार

एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर साफ करून देणारी सॉफ्टवेअर्स एकेकाळी जाम फेमस होती. सीक्लीनर हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीतच हॅकर्सनी आपला व्हायरस घुसवला आणि ती कंपनीच्या अधिकृत साइटवरून उतरवली गेली. सप्टेंबरात प्रकरण उघड झालं, तोवर ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटर्सवर पोहोचली होती. नाव मोठं असलं तरी झाडू कुणाच्या हातात देतोय ते पाहावं. जुन्या मशीनसाठी विंडोजमधलं स्वतःचं डिस्क क्लीनअप पुरेसं आहे, स्टार्ट मेनूत नाव टाइप केलं की सापडतं. त्यातही खुणा वाचून करा. विंडोज १० च्या २०१८ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीत त्या यादीत चक्क 'डाउनलोड्स' फोल्डर घुसवला होता. सगळ्यावर टिक करणाऱ्यांचं जे व्हायचं ते झालं. २०२० च्या आवृत्तीत तो काढून टाकला.

ऑफिसात दुपारी क्रिकेटचा स्कोअर आणि विमानाची तिकिटं बघून कॅश साफ करणाऱ्या हुशार मंडळींसाठी एक निरोप. ऑफिसच्या नेटवर्कवर कुठल्या साइटला भेट दिली त्याची नोंद कंपनीच्या फायरवॉलवर राहू शकते. तुमच्या लॅपटॉपमधल्या फाइल्स पुसून ती पुसली जात नाही.

कॅशमधून बाहेरच्यालाही सुगावा लागू शकतो, हे मात्र खरं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी २००० सालीच दाखवून दिलं होतं की, एखादी साइट गुपचूप दुसऱ्या साइटचं चित्र मागवून ते किती लवकर आलं हे मोजू शकते. झटकन आलं, म्हणजे तुम्ही तिकडे जाऊन आलेले आहात! यावर क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये प्रत्येक साइटच्या कॅशचे डबे वेगळे केले. एक्सपीवरच्या जुनाट ब्राउझरमध्ये ही सोय नाही.

पुसून न जाणारी गोष्ट

कॅश कितीही घासली तरी मशीनचं वय पुसलं जात नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९ वी आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आली तिने विंडोज ७ आणि ८.१ ला दार बंद केलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ७ वर बँकेची साइट नीट उघडत नसेल तर तिथे शिळ्या फाइलचा दोष असेलच असं नाही, ब्राउझरच नव्या साइटची भाषा समजेनासा झालेला असू शकतो. अशा मशीनवर गाणी ऐका, पत्रिका टाइप करा, पण पैशांचे व्यवहार नकोत. ते बाबांच्या अपडेटेड फोनवर होऊ द्या.

मशीन ठणठणीत असेल आणि रॅम चार जीबी तरी असेल तर फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. त्यावर लिनक्स मिंट टाकलं तर अपडेट्सही मिळत राहतात. मराठी टायपिंग तिथेही होतं, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायचं. बाबा दोन दिवस कुरकुर करतील, 'स्टार्ट कुठे गेलं?' म्हणून. तिसऱ्या दिवशी सॉलिटेअर सापडलं की शांत होतात.

काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. पुसलेल्या फाइल्स लगेच नाहीशा होत नाहीत. त्यांची जागा दुसऱ्या कशाने भरेपर्यंत त्या तिथेच पडून असतात आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात, बँकेची स्टेटमेंट्सही. डिस्क मागून घ्या, आणि जाता जाता लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे एक एक्स्टर्नल केसिंगही मागा. लॅपटॉपची असेल तर अडीच इंची सांगा, डेस्कटॉपची असेल तर साडेतीन इंची, आणि त्या मोठ्या केसिंगबरोबर अॅडॉप्टर दिलाय ना ते बॉक्स उघडून बघा. डिस्क त्यात घातली की यूएसबीने जोडता येते, आणि आईने 'फोटो कुठे गेले?' विचारलं की तिथून उघडून दाखवता येतात.